ग्राइंडरचं चाक उडतं, धार जाळतं: ड्रेसर कोणता घ्यावा आणि कसा चालवावा

प्रश्न थोडक्यात असा: २०० मिमी व्यासाची आणि २५ मिमी रुंदीची, यंत्राबरोबर आलेली राखाडी चाकं असलेला बेंच ग्राइंडर आहे. एका चाकाला मधोमध दीड-दोन मिमी खोल खाच पडली आहे. जॉब (घासायची वस्तू) टेकवला की हात उडतो आणि ड्रिल दोन सेकंदांत निळं पडतं. दुकानदाराने तीन वस्तू पुढे ठेवल्या: दांड्याच्या तोंडाशी पोलादी चांदण्या लावलेला स्टार ड्रेसर, टोकाला हिरा बसवलेली कांडी आणि एक काळी चौकोनी वीट. तिन्ही ड्रेसरच, म्हणजे ग्राइंडरच्या चाकाचा आकार आणि धार परत आणणारी हत्यारं. यातलं काय घ्यावं?

तुमच्या चाकाला आधी स्टार ड्रेसर लागेल आणि त्यानंतर वीट. हिरा घ्यायचाच असेल तर तो सगळ्यात शेवटी, आणि नुसता हातात धरून चालवायचा नाही. खरेदीआधी एवढं मात्र लक्षात घ्या की खाच, उडणं आणि जाळणं या तीन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिल्या दोन ड्रेसरने जातात. तिसरी कधी जाते, तर कधी ड्रेसिंगमुळेच वाढते.

चाक म्हणजे धारदार कण, त्यांना धरून ठेवणारा बंध आणि मधल्या पोकळ्या. कण बोथट झाला की त्याच्यावरचा दाब वाढतो. मग तो फुटून नवी कड देतो, नाहीतर बंधातून निखळून खालच्या ताज्या कणाला जागा करून देतो. हे चालू राहिलं तर चाक स्वतःची धार स्वतः राखतं. चाकावरच्या शिक्क्यात ‘ए ६० के ५ व्ही’ असं काही लिहिलेलं असतं. त्यात ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ६० हा कणाचा आकार (ग्रिट; आकडा लहान तितका कण जाड), के ही बंधाची पकड, ५ ही कणांची दाटी आणि व्ही म्हणजे चिनी मातीसारखा भाजलेला बंध. पकडीचं अक्षर ए पासून झेड पर्यंत जितकं पुढे जाईल, तितकं चाक कडक. कडक म्हणजे कण कठीण असं नव्हे. बंध कण सोडत नाही, इतकाच त्याचा अर्थ. स्वस्त ग्राइंडरबरोबर येणारी राखाडी चाकं बहुधा कडक असतात, कारण ती झिजत नाहीत म्हणून गिऱ्हाईक खूश राहतं. तुमचं ड्रिल मात्र तिथेच जळतं.

चाकाचं तोंड, म्हणजे ज्यावर जॉब टेकतो तो बाहेरचा गोल पृष्ठभाग, जवळून पाहा. ते काचेसारखं चमकत असेल आणि बोट फिरवल्यावर गुळगुळीत लागत असेल (चाक थांबलेलं असताना!), तर कण बोथट होऊन जागेवरच बसले आहेत. कठीण पोलाद, हलका दाब आणि कडक चाक एकत्र आले की हे होतं. तोंडावर धातूचे राखाडी किंवा पिवळे ठिपके दिसले, तर पोकळ्यांत पितळ, तांबं, ॲल्युमिनियम किंवा मऊ लोखंड भरलं आहे. अशा चाकाला चिप (कापलेला धातूचा कीस) ठेवायला जागाच उरत नाही, म्हणून ते कापण्याऐवजी घासतं आणि तापतं. बेंच ग्राइंडरवर ॲल्युमिनियम घासूच नका. चाक भरतं हे एक कारण झालंच, शिवाय ॲल्युमिनियमची बारीक धूळ आणि लोखंडाच्या ठिणग्या एकाच डब्यात साचल्या तर आग लागू शकते. तिसरा दोष आकाराचा. खाच, उतरलेल्या कडा, गेलेली गोलाई हे सगळं त्यात आलं.

आकार परत आणणं, म्हणजे ट्रुइंग, आणि तोंड उघडून ताजे कण वर आणणं, म्हणजे ड्रेसिंग, ही दोन कामं आहेत. दुकानात दोन्हींना ड्रेसिंगच म्हणतात. त्याने काही बिघडत नाही, फक्त दोन्हींच्या गरजा वेगळ्या आहेत हे विसरू नये. तोंड उघडायला हातात धरलेला विटेचा तुकडाही चालतो. गोलाई आणायला मात्र हत्याराला पक्का टेकू हवाच. हातात सैल धरलेला ड्रेसर चाकाच्या उंचवट्याबरोबर मागे जातो आणि खोलगट भागात पुढे येतो. त्यामुळे वाकडं चाक वाकडंच राहतं, फक्त लहान होतं. ‘अर्धा तास ड्रेसिंग केलं तरी उडतंच’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

यंत्र चालू करण्याआधी प्लग काढा आणि चाक उतरवा. डावीकडच्या नटाला उलटे आटे असतात. जोर लावून भलत्या बाजूला फिरवलं तर आटे जातात. उतरवलेलं कोरडं, पुसलेलं चाक भोकातून बोटावर किंवा लाकडी खुंटीवर टांगा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या मुठीने हलकी टिचकी द्या. टिचकी उभ्या मध्यरेषेपासून ४५ अंशांवर, दोन्ही बाजूंना, कडेपासून २५ ते ५० मिमी आत द्यायची. मग चाक अर्धवट फिरवून पुन्हा द्यायची. भाजलेल्या बंधाचं चांगलं चाक घंटेसारखं खणखणीत वाजतं. फुटक्या माठासारखा बद्द आवाज आला तर चाक भंगारात टाका, आणि टाकण्याआधी दोन तुकडे करा, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही. रेझिन (प्लास्टिकसारख्या) बंधाचं चाक चांगलं असलं तरी इतकं खणखणत नाही. ते तपासताना कान त्याच जातीच्या नव्या चाकावर बसवून घ्यावा लागतो.

चाक उतरलंच आहे तर फ्लँज, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चकत्या, पाहून घ्या. दोन्ही सारख्या व्यासाच्या हव्यात, चाकाच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश, म्हणजे २०० मिमीच्या चाकाला ६७ मिमीच्या आसपास. त्या मध्ये खोलगट असाव्यात आणि फक्त बाहेरच्या कडेने चाकाला टेकाव्यात. फ्लँज आणि चाक यांच्यात कागदी वॉशर हवाच. स्वस्त ग्राइंडरच्या पत्र्याच्या फ्लँज वाकलेल्या असतात. त्यांनी चाक आडवं डुलतं, आणि हे डुलणं कोणताही ड्रेसर काढू शकत नाही, कारण ड्रेसर तोंडावर चालतो आणि दोष बाजूला असतो. चाक बसवून हाताने फिरवा आणि पेन्सिल टूल रेस्टवर (जॉब टेकवायच्या पट्टीवर) ठेवून तिचं टोक चाकाच्या बाजूच्या जवळ न्या. फट एक मिमीने कमीजास्त होत असेल तर आधी फ्लँज सरळ करा किंवा नवी खरादवून घ्या. भोकातला प्लास्टिकचा बुश सैल असेल तर तोही बदला. चाक प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसत असेल, तर आज आणलेली गोलाई पुढच्या वेळी नट सोडेपर्यंतच टिकते. म्हणून चाकावर आणि शाफ्टवर समोरासमोर खूण करून ठेवणं फायद्याचं.

वेगाचाही हिशोब करून घ्या. ५० हर्ट्‌झवर चालणारी दोन पोलची मोटर मिनिटाला साधारण २८५० फेरे देते. २०० मिमीच्या चाकाच्या कडेचा वेग त्यावर सेकंदाला सुमारे ३० मीटर येतो. साध्या भाजलेल्या चाकाची मर्यादा बहुधा ३३ ते ३५ मीटर असते आणि ती लेबलवर छापलेली असते. त्याच शाफ्टवर २५० मिमीचं चाक चढवलं तर वेग ३७ मीटरवर जातो. म्हणून ‘गार्ड काढला तर मोठं चाक बसतं’ हा उद्योग करायचा नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ३० हे खास यासाठीच घातलेलं होतं: ग्राइंडिंगच्या प्रत्येक यंत्राजवळ चाकाचा सुरक्षित वेग आणि शाफ्टचे फेरे लिहिलेला फलक लावायचा. बहुतेक छोट्या शॉपमध्ये त्या जागी कॅलेंडर असतं.

आता स्टार ड्रेसर. याला हंटिंग्टन ड्रेसरही म्हणतात. बिडाच्या दांड्याच्या तोंडात एका पिनवर कडक पोलादाच्या चांदण्या आणि त्यांच्यामध्ये वॉशर ओवलेले असतात. दांड्याच्या खाली दोन आकडे (हुक) असतात. बरेच जण त्यांना शोभेचे समजतात, पण अख्खं हत्यार त्या आकड्यांवर चालतं. टूल रेस्ट मागे सरकवायचा, आकडे रेस्टच्या चाकाकडच्या कडेवर आतून अडकवायचे आणि मग दांडा वर उचलून चांदण्या चाकावर दाबायच्या. आकडे टेकू धरून ठेवतात, त्यामुळे चाक ड्रेसरला मागे ढकलू शकत नाही आणि उंचवटा आपोआप कापला जातो. तुमच्या ग्राइंडरचा रेस्ट पातळ पत्र्याचा असेल तर तो या दाबाने लवतो. तसं असेल तर १० ते १२ मिमी जाडीची एमएसची (माइल्ड स्टील, साधं मऊ पोलाद) पट्टी कापून तिचा रेस्ट बनवा. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त फरक पडतो तो या पट्टीने.

चाक फिरवण्याआधी तोंडावर खडूच्या आडव्या रेघा मारा. यंत्र चालू करून बाजूला उभं राहा आणि एक मिनिट मोकळं चालू द्या. ड्रेसर लावलेला असताना यंत्र कधीच सुरू करू नका. गॉगल आणि त्यावर फेसशील्ड, दोन्ही घाला, कारण इथे ठिणगीपेक्षा तुटलेले कण जास्त उडतात. सैल हातमोजे आणि लोंबणाऱ्या बाह्या नकोत.

पहिल्यांदा आवाज ‘टक-टक’ असा तुटक येईल. तो उंचवटा आहे. इथे नवखा माणूस घाबरून दाब कमी करतो आणि नेमकी चूक होते. दाब हलका असला की चांदण्या चाकाच्या वेगाने फिरत नाहीत, मागे राहून घसरतात. मग चाक त्यांना घासतं आणि पिवळ्या ठिणग्यांचा फवारा उडतो. ठिणग्या म्हणजे पोलाद जळतं आहे, चाकाचं काहीच निघत नाही. दाब पुरेसा असेल तर चांदण्या चाकाबरोबर गरगरतात, त्यांची टोकं कणांच्या मुळाशी बंध चेचतात आणि ठिणग्यांऐवजी राखाडी चुरा पडतो. चुरा जास्त आणि ठिणग्या कमी, असा हिशोब डोळ्यासमोर ठेवा.

दाब तसाच धरून ड्रेसर डावीकडून उजवीकडे आणि परत सरकवत राहा. २५ मिमीच्या रुंदीला एका दिशेला दोन-तीन सेकंद पुरतात. टोकाला पोचल्यावर चांदण्यांचा अर्ध्यापेक्षा जास्त भाग चाकाबाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर कडेचा तुकडा निघतो. आवाज तुटक ते सलग ‘खर्रर’ असा झाला की यंत्र बंद करा, चाक पूर्ण थांबू द्या आणि खडू पाहा. जिथे खडू उरला आहे तो भाग अजून खोलगट आहे. खडू सगळीकडून सारखा गेला म्हणजे गोलाई आली. दोन मिमीची खाच काढायला स्टार ड्रेसरला काही मिनिटं लागतात. हेच काम हिऱ्याने करायचं तर एका फेरीला ०.०२५ मिमी धरून ऐंशी फेऱ्या होतात, शिवाय उडणाऱ्या चाकाचे धक्के हिऱ्याला बसतात ते वेगळेच. स्टार आधी का, त्याचं हे कारण.

स्टारने उघडलेलं तोंड खडबडीत असतं. लोखंडाची बर (कापल्यावर कडेला राहणारी धारदार किनार) काढायला, वेल्डिंगच्या कडा मोडायला ते उत्तम. कोल्हापूरच्या फाउंड्रीत कास्टिंगला चिकटून राहिलेला जास्तीचा धातू (फिनी आणि रनर) घासणाऱ्या पेडेस्टल ग्राइंडरवर १६-२४ ग्रिटची रेझिन चाकं असतात, तिथे याच्यापुढे काही करायची गरजच नसते. ड्रिल, छिनी, रंध्याची पाती यांना मात्र हे तोंड फार रानटी पडतं. तिथे वीट घ्यायची.

काळी वीट म्हणजे सिलिकॉन कार्बाइडची ड्रेसिंग स्टिक. तुमच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा ती कठीण असते. टूल रेस्टवर सपाट ठेवून, दोन्ही हातांनी दाबून, चाकाच्या तोंडावर सावकाश सरकवायची. तीही झिजते, त्याची काळजी नको, ते तिचं कामच आहे. भरलेलं किंवा चमकलेलं तोंड आठ-दहा सेकंदांत उघडतं. चाकाच्या दोन्ही कडा तिनेच एक मिमीपर्यंत मोडून घ्या, म्हणजे कड तुटून जॉबवर ओरखडे पडणार नाहीत. बोरॉन कार्बाइडची छोटी काळपट कांडीही मिळते. ती महाग पण फार टिकाऊ असते, आणि लहान चाकांना किंवा गोलाईच्या आकाराला उपयोगी पडते. जुन्या फुटक्या चाकाचा तुकडा विटेऐवजी वापरतात. तोंड साफ करण्यापुरता तो चालतो. जुनी कानस किंवा टर्निंग टूल मात्र वापरू नका. त्याने चाक आणखी चमकतं आणि हातात तापलेलं पोलाद राहतं.

हिऱ्याकडे वळू. एकाच टोकाचा हिरा, पसरट टी आकाराच्या पट्टीत बसवलेले अनेक छोटे हिरे, आणि धातूत मिसळलेल्या हिऱ्याच्या चुऱ्याची कांडी असे प्रकार बाजारात आहेत. बेंच ग्राइंडरसाठी टी आकाराचा घ्या. त्याला कोन सांभाळायचा नसतो आणि रेस्टवर सपाट टेकवून चालतो. एका टोकाचा हिरा हा सरफेस ग्राइंडर, सिलिंड्रिकल ग्राइंडर आणि टूल अँड कटर ग्राइंडर या अचूक मापाच्या यंत्रांचा सोबती. १५०-२०० मिमीच्या चाकाला पाव ते अर्धा कॅरेट आणि ३००-३५० मिमीला सुमारे एक कॅरेट असा ढोबळ हिशोब धरतात. लहान हिरा मोठ्या चाकावर लावला तर तो तापून लवकर सपाट होतो.

हिरा चाकाच्या केंद्राकडे सरळ रोखायचा नसतो. चाक ज्या दिशेने पळतं त्या दिशेला टोक १० ते १५ अंश झुकलेलं हवं, म्हणजे चाक हिऱ्यावरून ओढलं जाईल, त्यात घुसणार नाही. बेंच ग्राइंडरवर चाकाचं पुढचं तोंड खाली पळतं, म्हणून कांडीची मागची बाजू वर आणि टोक खाली, आणि टोकाचा स्पर्श चाकाच्या मध्याशी किंवा किंचित खाली. सरफेस ग्राइंडरवर समोरून पाहताना चाक घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर त्याचा तळ उजवीकडून डावीकडे जातो. तिथे हिरा मध्यरेषेच्या डावीकडे पाच-सहा मिमी ठेवायचा. चाकाने हिरा पकडलाच तर तो चाकापासून दूर फेकला जातो. उजवीकडे ठेवला असता तर चाकाखाली ओढला गेला असता, आणि मग चाक तरी जातं नाहीतर हिरा तरी.

कांडी होल्डरमधून कमीत कमी बाहेर ठेवा, नाहीतर ती थरथरते आणि चाकावर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उठते. सुरुवात चाकाच्या सर्वांत उंच जागेपासून करा. बहुतेकदा ती मधोमध असते, कारण कडा आधी झिजतात. तुमच्या खाच पडलेल्या चाकावर ती कडेला असेल. कडेपासून सुरू करून एकदम मध्ये पोचलात तर ठरवलेल्या ०.०२ मिमीऐवजी ०.२ मिमी कापलं जातं, आणि बऱ्याच हिऱ्यांचा शेवट असा होतो. रफ फेरीला ०.०२ ते ०.०३ मिमी आणि शेवटच्या फेरीला ०.००५ ते ०.०१ मिमी एवढीच खोली द्यायची.

हिरा किती वेगाने सरकवावा, हे खोलीपेक्षाही महत्त्वाचं आहे आणि इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. फिरत्या चाकावर हिरा सरकताना तो आटे पाडतो, लेथवरच्या टूलसारखे. हिऱ्याच्या टोकाची कापणारी रुंदी ०.५ मिमी धरा. चाकाच्या एका फेऱ्यात हिरा त्या रुंदीच्या तिसऱ्या भागाइतका, म्हणजे ०.१७ मिमी सरकला, तर प्रत्येक जागेवरून तो तीनदा जातो. २८५० फेऱ्यांना हा वेग मिनिटाला सुमारे ४७५ मिमी होतो, म्हणजे २५ मिमीचं चाक तीन सेकंदांत पार. यातून उघडं, चटकन कापणारं तोंड मिळतं. वेग निम्मा केला, म्हणजे सहा सेकंद घेतले, तर प्रत्येक जागेवरून सहा वेळा जातो आणि तोंड बारीक, चांगला फिनिश देणारं होतं. पंधरा सेकंद लावले तर हिरा त्याच कणांना पुन्हा पुन्हा पॉलिश करतो. चाक आरशासारखं दिसतं, बघणारा वाहवा करतो आणि पुढच्या जॉबवर जळाल्याचे तपकिरी डाग उमटतात. ड्रेसिंगनंतर चाक जास्त जाळतं, असं वाटलं तर आधी हा वेग बघा. तसंच, खोली न देता ‘साफ करायला’ मारलेल्या दोन-तीन रिकाम्या फेऱ्या चाक बोथट करतात. फिनिश हवा असेल तर एखादी ठीक, त्याहून जास्त नको.

पाण्याबाबत नियम साधा आहे. पाणी सोडायचं तर हिरा लागण्याआधीपासून आणि शेवटपर्यंत, अखंड धारेने. नाहीतर पूर्ण कोरडं, फेऱ्यांमध्ये थोडा वेळ सोडून. तापलेल्या हिऱ्यावर मध्येच पाणी पडलं तर तो तडकतो. आणि हिरा कितीही कठीण असला तरी आहे कार्बनच. हवेत सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तो जळू लागतो, आणि चाकाखाली टोकाला ते तापमान गाठणं अवघड नाही.

बेंच ग्राइंडरवर एका टोकाचाच हिरा वापरायचा असेल तर एक साधा ठोकळा बनवा. २५ मिमी जाडीच्या एमएसच्या तुकड्यात कांडीच्या मापाचं, बहुधा १० मिमीचं, भोक १० ते १५ अंश उतारात पाडा. वरून ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) कांडी आवळा. ठोकळ्याच्या खाली एक पट्टी लावा, जी रेस्टच्या बाहेरच्या, तुमच्याकडच्या कडेला टेकून सरकेल. त्या कडेच्या आधारामुळे हिरा सरळ रेषेत चालतो. कांडीच्या मागे एम ५ चा स्क्रू टेकवला तर त्याच्या एका फेऱ्याला ०.८ मिमी पडतात. डोक्यावर आठ खुणा केल्या की एका खुणेला ०.१ मिमी आणि खुणेच्या चौथ्या भागाला ०.०२५ मिमी. फीड देताना, म्हणजे हिरा पुढे सरकवताना, ग्रब स्क्रू किंचित सैल करायचा, मग पुन्हा आवळायचा. गैरसोयीचं आहे, पण हाताने अंदाजाने ढकलण्यापेक्षा कितीतरी बरं.

काम झाल्यावर यंत्र बंद करून रेस्ट पुन्हा चाकाजवळ घ्या. फट एक सूत, म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त नको. वरच्या बाजूला गार्डची जीभ असते, तिची फट दोन सूत, म्हणजे ६ मिमीच्या आत. ड्रेसिंगनंतर चाकाचा व्यास कमी झालेला असतो आणि ही फट वाढलेली असते, हे हटकून विसरलं जातं. जॉब त्या फटीत ओढला जाऊन अडकला की चाक फुटतं.

गोलाई आली, खडू सारखा गेला, तरीही यंत्र थरथरतं? मग दोष तोंडाचा नाही, तोलाचा आहे. दुसऱ्या बाजूचं चाक उतरवून एकेक चाक चालवून पाहा, म्हणजे गुन्हेगार कळतो. चाक पाण्यात अर्धवट बुडून राहिलं असेल किंवा बंद चाकावर कूलंट (थंड ठेवणारं पाणी) ठिबकत राहिलं असेल, तर एक बाजू पाणी पिऊन जड होते. असं चाक उतरवून वाळू द्यावं लागतं. दोन्ही चाकं सुकी असतील तर एक चाक शाफ्टवर ९० अंश फिरवून पुन्हा बसवा. दोन्ही चाकांचे जड भाग एकाच बाजूला आले असतील तर याने फरक पडतो. बंद केल्यावर वेग उतरताना एका टप्प्यावर क्षणभर थरथर जाणवते, ती नेहमीची. पूर्ण वेगात सतत थरथर असेल आणि चाकं काढून नुसती मोटर चालवली तरी ती राहत असेल, तर बेअरिंग बघा.

ड्रिलच्या निळेपणाबद्दल. एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल निळं पडलं म्हणून लगेच त्याचं पाणी (कडकपणा) उतरत नाही, ते सहाशे अंशांपर्यंत तग धरतं. मात्र लालबुंद झालेलं एचएसएस पाण्यात बुडवू नका, धारेला केसासारख्या भेगा पडतात. साध्या कार्बन पोलादाची छिनी किंवा पटाशी निळी झाली म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलंच. ती सतत बुडवत घासायची. दर आठ-दहा मिनिटांनी ड्रेसिंग करावं लागत असेल तर ड्रेसर बदलून उपयोग नाही, चाक बदला. धारेच्या कामाला पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइड, ६० किंवा ८० ग्रिट, पकड जे किंवा के. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला नेमका शिक्का सांगितला तर मिळतं, ‘पांढरा दगड द्या’ म्हटलं तर जे पडून असेल ते मिळतं. कार्बाइड टिपसाठी हिरवं सिलिकॉन कार्बाइड. उलट, चाक भराभर झिजत असेल, दर तासाला खाच पडत असेल, तर ते कामाच्या मानाने मऊ आहे, किंवा झिजून इतकं लहान झालं आहे की कडेचा वेग उतरला. २०० चं १५० मिमी झालं की वेग सेकंदाला ३० मीटरवरून २२ वर येतो, आणि तेच चाक मऊ असल्यासारखं वागतं.

सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) किंवा हिऱ्याच्या चाकाला यातलं काहीही लावू नका. इलेक्ट्रोप्लेटेड सीबीएन चाकावर कणांचा एकच थर असतो. त्याला ड्रेसिंग नसतंच, ड्रेसर लावला की ते संपलं. रेझिन बंधाच्या सीबीएनचं तोंड उघडायला पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची मऊ स्टिक, ओली करून, हलक्या हाताने.

ड्रेसरचीही निगा लागते. स्टारच्या चांदण्यांची टोकं गोल झाली की त्या बंध चेचण्याऐवजी घसरतात. चांदण्यांचा संच सुटा मिळतो, त्याबरोबर पिनही बदला, कारण झिजलेल्या पिनवर नव्या चांदण्या डुलतात. हिऱ्याची कांडी ठरावीक ड्रेसिंगनंतर होल्डरमध्ये साधारण ३० ते ४५ अंश फिरवायची, म्हणजे नवी कड पुढे येते आणि हिरा स्वतःच टोकदार राहतो. भिंगातून पाहून टोकावरचा सपाट भाग मिलिमीटरच्या जवळ गेलेला दिसला तर तो हिरा आता कापत नाही, दाबतो. चांगला नैसर्गिक हिरा अशा वेळी काढून, उलटून पुन्हा बसवून मिळतो. पूर्ण झिजून धातूचा कोंदण चाकाला लागेपर्यंत वाट पाहिली तर तो कोंदणातून निघून जातो, आणि ग्राइंडरच्या चुऱ्यात तो शोधणं कोणालाच जमत नाही.

तो चुरा उडतो कुठे, याचा विचारही आधीच करा. बाजूला लेथ असेल तर बेड आणि स्लाइड झाकून घ्या. ड्रेसिंगची धूळ तेलात मिसळली की ती स्लाइडसाठी लॅपिंग पेस्टच (धातू घासून झिजवणारा लेप) होते. नाकातोंडावर एन ९५ मास्क, आणि नंतर झाडताना ओलं फडकं घ्या. हवेच्या पाइपने उडवलेली धूळ अर्धा तास खोलीत तरंगत राहते.